छोटा म्युझिक प्लेअर घ्यायचाय? आधी गाण्यांचं कार्ड घेऊन या

"ओ मालक, गाणीच दिसंनात की ओ याच्यात." सोलापुरातल्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर हे वाक्य ऐकू आलं नाही असा आठवडा जात नाही. प्लेअर दोन दिवसांपूर्वीच नेलेला असतो, खोकं आणि बिल पिशवीत असतं, आणि माल खराब निघाला म्हणून माणूस नाराज असतो. आम्ही आमचं कार्ड घालून बघतो, गाणं लगेच लागतं. परत त्यांचं कार्ड घालतो, प्लेअर गप्प. दोष प्लेअरचा नसतो, कार्डात भरलेल्या फायलींचा असतो. पण त्यापायी ग्राहकाची एक फेरी फुकट जाते. बार्शी नाहीतर अक्कलकोटहून एसटीनं आलेल्या माणसाचा तर अख्खा दिवस जातो. तो वाचावा म्हणून हे पत्रक छापलं आहे. घेण्याआधी एकदा वाचा, घेतला असेल तरी वाचा.

मोबाईलवर वाजतं, मग यात का नाही?

मोबाईल हा छोटा कॉम्प्युटर आहे. कुठल्याही प्रकारची फाइल दिली तरी तो ती उघडायचा मार्ग शोधतो. छोट्या प्लेअरमध्ये एकच लहानशी चिप असते आणि तिला ठरावीक प्रकारच उघडता येतात. एमपी३ सगळ्यांत चालतं, बहुतेकांत वेव्ह आणि डब्ल्यूएमए चालतं, आणि स्वस्त प्लेअरची गाडी तिथं थांबते. आता तुमच्या मोबाईलमध्ये काय असतं? व्हॉट्सअॅपवर आलेला आवाज ओपस प्रकारचा असतो. इंटरनेटवरून उतरवलेलं गाणं बरेचदा एम४ए असतं. मोबाईलच्या रेकॉर्डरवर घेतलेलं भजनही बहुतेक वेळा एम४एच निघतं. मोबाईल हा फरक तुम्हाला कधी जाणवू देत नाही, त्यामुळे तो माहीत नसणं साहजिक आहे.

आषाढीच्या आधी एक मावशी आल्या होत्या. पंढरपूरला पायी जायचं म्हणून त्यांनी आमच्याकडून बारीक स्क्रीनचा प्लेअर नेला होता. कार्डात हरिपाठ आणि कीर्तनं मिळून २१२ फायली. प्लेअर सुरू केला की स्क्रीनवर १, २, ३, ४ असे आकडे भराभर पळायचे, आवाज मात्र नाही. कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर प्रत्येक फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी३ लिहिलेलं! आम्हीही क्षणभर गोंधळलो. विचारल्यावर कळलं की भाच्यानं 'एमपी३ लागतं' हे ऐकून सगळ्या फायलींची नावं तेवढी बदलली होती. आतला माल ओपस आणि एम४एच होता. बरणीवर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही, तसंच हे आहे. प्लेअर एकेक फाइल उघडायला जातो, ती त्याला वाचता येत नाही, मग तो पुढच्या फायलीवर उडी मारतो. आकडे पळतात ते त्यामुळे.

म्हणून कळकळीनं सांगतो, नाव बदलू नका, फाइल बदलून घ्या. कॉम्प्युटरवर हे काम करणारे मोफत प्रोग्रॅम आहेत, घरात जाणतं पोर असेल तर ते करून देईल. मूळ फाइल मात्र पुसू नका, कारण प्रत्येक बदलात आवाजाचा दर्जा थोडा उतरतो आणि पुन्हा बदलायची वेळ आली तर मुळावरूनच केलेलं बरं. आमच्याकडेही करून मिळतं. प्लेअर इथून घेतला असेल तर पहिल्या वेळी पैसे घेत नाही. मावशींच्या २१२ फायली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाल्या आणि कार्ड घेऊन त्या वेळेत निघाल्या.

गाण्यांच्या अॅपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी ही याचीच दुसरी तऱ्हा. ती त्या अॅपच्या कुलपात असतात. कार्डावर उचलून टाकली तरी दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर वाजत नाहीत, आणि आम्हालाही ती मोकळी करता येत नाहीत. सगळा संग्रह तसाच असेल तर वेगळा प्लेअर घेऊ नका, मोबाईलला चांगला इअरफोन घ्या. तो आमच्याकडे आहे आणि त्यात तुमचे पैसेही वाचतील.

मोठं कार्ड म्हणजे जास्त सोय, असं नाही

'१२८ जीबीचं कार्ड द्या' असं म्हणणाऱ्याला आम्ही ३२ जीबीचं पुढं करतो, तेव्हा काहींना वाटतं की दुकानात माल नसेल. माल असतो. हिशेब असा आहे: साध्या दर्जाचं (१२८ केबीपीएस) एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी जागा घेतं, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५ एमबीचं. ३२ जीबीच्या कार्डात अशी सहा हजार गाणी मावतात. पाचशे तासांचा हा साठा रोज दोन तास ऐकला तरी आठ महिने पुरतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ३२ जीबीपर्यंतची कार्डं कारखान्यातून फॅट३२ या मांडणीत (कार्डावर फायली लावायच्या पद्धतीत) येतात आणि छोटे प्लेअर हीच मांडणी वाचतात. ६४ जीबीपासून पुढची कार्डं एक्सफॅट मांडणीत येतात, आणि ती घातली की साधा प्लेअर 'कार्ड नाही' म्हणतो. मोबाईलमध्ये घातल्यावर 'अंतर्गत मेमरी म्हणून वापरायचं का' या प्रश्नाला हो म्हटलेलं कार्ड तर त्या एका मोबाईलपुरतंच बांधलं जातं, बाहेर कुठंच उघडत नाही. शिवाय बाजारात अशीही कार्डं येतात ज्यांच्यावर १२८ छापलेलं असतं आणि आत जागा त्याच्या चतुर्थांशही नसते. सुरुवातीची गाणी नीट वाजतात, पुढची तुटक किंवा गायब. आम्ही विकतो ते प्रत्येक कार्ड आधी काठोकाठ भरून परत वाचून तपासतो. त्याला वेळ लागतो, म्हणून आमचं कार्ड रस्त्यावरच्या कार्डापेक्षा थोडं महाग पडतं.

नावं आणि क्रम

सोलापूरच्या माणसाच्या कार्डात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, उर्दू अशी सगळी गाणी शेजारी शेजारी नांदतात. छोट्या प्लेअरच्या स्क्रीनला मात्र बहुधा इंग्रजी अक्षरंच येतात. देवनागरी नावाच्या जागी चौकोन दिसतात, तेलुगू-कन्नडचंही तेच. गाणं वाजतं, पण कुठलं ते कळत नाही. फोल्डरांना इंग्रजी अक्षरांत नावं द्या: Abhang, Bhimgeete, Juni Hindi, जे असेल ते. एका फोल्डरात शंभरएक गाणी ठेवा, हजार नकोत.

क्रमाची तक्रारही नेहमीची. पारायणाचे अध्याय तिसरा, अकरावा, पहिला असे वाजतात. स्वस्त प्लेअर नावाप्रमाणे क्रम लावत नाही, कार्डावर ज्या क्रमानं फायली उतरल्या त्याच क्रमानं वाजवतो. नावाच्या सुरुवातीला ००१, ००२ असे आकडे टाकून क्रम लावा, आणि मग रिकाम्या कार्डावर एकेक फोल्डर क्रमानं कॉपी करा. कॉपी झाल्यावर कॉम्प्युटरवर 'इजेक्ट' दाबा आणि मगच कार्ड काढा. ओढून काढलेल्या कार्डाचा शेवटचा फोल्डर अर्धवट राहतो आणि कधीकधी सगळं कार्डच बिघडतं.

कोणासाठी कुठला

सकाळी पार्क चौकाकडे फिरायला जाणाऱ्याला किंवा स्वयंपाक करताना ऐकणाऱ्याला स्क्रीन नसलेला, कपड्याला अडकवायचा चिमटावाला प्लेअर पुरतो. त्याला स्वतःची मेमरी नसते, कार्ड वेगळं घ्यावं लागतं. बॅटरी लहान असते, रोज चार्ज करायची तयारी ठेवा.

ज्यांना निवडून ऐकायचंय, त्यांनी स्क्रीनवालाच घ्यावा. कीर्तन, प्रवचन, तास-दीड तासाच्या फायली ऐकणार असाल तर एकच प्रश्न विचारा: बंद करून पुन्हा लावला की थांबलं होतं तिथून सुरू होतो का? आमच्याकडे असे दोन प्रकार आहेत, काउंटरवर बंद-चालू करून दाखवतो. ही सोय नसलेला प्लेअर प्रत्येक वेळी मंगलाचरणापासून सुरू होतो, आणि मग तो आठ दिवसांत कपाटात जातो.

आजी-आजोबांसाठी प्लेअर नकोच. मोठी बटणं आणि कार्ड-पेनड्राइव्हची सोय असलेला छोटा स्पीकर घ्या. कानात काही घालायची त्यांना सवय नसते.

रेडिओ हवा असेल तर वायरचा इअरफोन लागतोच, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. आणि ब्लूटूथचा इअरफोन वापरणार असाल तर आधी सांगा. खोक्यावर 'ब्लूटूथ' लिहिलेल्या काही प्लेअरना मोबाईलचं गाणं घेता येतं, पण आपलं गाणं इअरफोनला पाठवता येत नाही.

यंत्रमागावर काम करणारे बरेच भाऊ आमच्याकडून प्लेअर नेतात. त्यांना आम्ही विकतानाच सांगतो आणि इथंही लिहितो. कानाला आठवड्यात ४० तासांपर्यंत ८० डेसिबल चालतं, ही जागतिक आरोग्य संघटनेनं आखलेली मर्यादा आहे. मागाचा आवाज मुळातच त्याच्या वर असतो. त्यावर मात करायला गाणं आणखी मोठं केलं तर कानाला दुहेरी मार बसतो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. गाणी जेवणाच्या सुट्टीत ऐका, माग चालू असताना कानात आवाज अडवणारे इअरप्लग घाला.

चार्जिंगची एक गंमत नसलेली गोष्ट

'नवा प्लेअर चार्जच होत नाही' म्हणून येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी मोबाईलची दोन्हीकडं टाइप-सी असलेली केबल लावलेली असते. स्वस्त प्लेअरमध्ये त्या केबलमधून चार्जरला 'वीज सोड' असं कळवणारा छोटा भाग बसवलेला नसतो, त्यामुळे चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा, लगेच लाल दिवा लागेल. खोक्यात तीच दिलेली असते, ती फेकू नका. एप्रिल-मेमध्ये प्लेअर गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडं बाहेरच पारा चाळिशीच्या वर असतो, डिकीत त्याहून जास्त, आणि त्या उष्णतेत बॅटरी फुगते. वापर नसेल तर दोन महिन्यांतून एकदा तरी चार्ज करा.

आमच्या दोन सवयींबद्दल

तुमच्या गाण्यांवर चालवून बघितल्याशिवाय आम्ही प्लेअर देत नाही. दहा मिनिटं लागतात, घाईत असलेल्यांना ते आवडत नाही, आणि 'पैसे द्यायला तयार आहे, तुम्ही देत का नाही' असंही ऐकून घेतलंय. पण तपासून नेलेला प्लेअर सहसा परत येत नाही, आणि तुमचा हेलपाटा वाचतो. तसंच कार्ड फॉरमॅट करायचं, म्हणजे पूर्ण पुसून नव्यानं मांडायचं असेल तर आधी त्यातलं सगळं आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून, तुम्हाला दाखवून, मगच करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एका गृहस्थांचं कार्ड न उतरवता फॉरमॅट झालं. त्यात त्यांच्या वडिलांच्या आवाजातली भजनं होती. खूप खटपट केली, निम्मीसुद्धा परत मिळाली नाहीत. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण तेव्हापासून हा नियम मोडलेला नाही आणि कोणासाठी मोडणार नाही.

दुसरं, 'कार्डात गाणी भरून द्या' याला आम्ही नाही म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं मालकाकडं राहतो, आणि दुसऱ्याची गाणी भरून पैसे घेणं आम्हाला पटत नाही. तुमच्या घरच्या सीडी आणा, जुन्या कॅसेट आणा, तुमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग आणा, ते तुमच्यासाठी एमपी३ करून, फोल्डर लावून, क्रमानं कार्डात घालून देतो. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ उतरवायला लागतो, म्हणून कॅसेटला दोन-तीन दिवस द्या.

येताना गाण्यांचं कार्ड किंवा पेनड्राइव्ह, नेहमीचा इअरफोन, आणि ज्यांच्यासाठी घ्यायचाय ते स्वतः आले तर उत्तम. बटणं त्यांच्याच बोटांनी दाबून बघू द्या. संध्याकाळी नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर दुकानात उभं राहायलाही नाही, तेव्हा दुपारी बारा ते चारच्या मध्ये या. तेव्हा तुमचं कार्ड निवांत बघता येतं.