'जग' आणि 'जग': पुण्यातल्या ध्वनिअभ्यासामागचा इतिहास

फळ्यावर नुसतं 'जग' लिहा आणि वर्गाला वाचायला सांगा. कुणी 'दुनिया' या अर्थाचा शब्द वाचेल, कुणी 'जगणे'मधला. पहिल्या 'ज'ला जीभ टाळूला लागते, दुसऱ्याला तिचं टोक दातांमागे जातं. मराठी माणूस बोलताना यात कधीही चुकत नाही, पण 'हे दोन वेगळे ज आहेत का?' असं विचारलं की गोंधळतो, कारण शाळेत त्याला अक्षर एकच शिकवलेलं असतं. भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला 'स्वनिम' समजावून द्यायला याहून सोपं उदाहरण नाही. ध्वनी बदलला की अर्थ बदलतो, म्हणून हे दोन स्वनिम. 'जरा' थांब आणि म्हातारपणाची 'जरा', गुरं 'चार' आणि आकडा 'चार', या जोड्याही त्याच जातीच्या.

आपली वर्णमाला मुळात ध्वनींचाच तक्ता आहे. क ते प हा प्रवास कंठापासून ओठांपर्यंतचा, आणि प्रत्येक वर्गात अघोष, घोष, अल्पप्राण, महाप्राण यांचा क्रम ठरलेला. वेदपठण बिघडू नये म्हणून प्रातिशाख्यकारांनी, म्हणजे वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांच्या कर्त्यांनी, तोंडाच्या आत काय घडतं ते बारकाईने नोंदवलं होतं. तैत्तिरीय प्रातिशाख्य सांगतं की कंठ मिटलेला असताना नाद होतो आणि उघडा असताना श्वास. आजही वर्गात गळ्यावर बोटं ठेवून 'स्स्स' आणि 'झ्झ्झ' म्हणायला लावतात, तेव्हा 'झ्झ्झ'ला बोटांना जी थरथर लागते तोच हा नाद, म्हणजेच घोष. घोष म्हणजे नेमकं काय, याबाबत युरोपातल्या अभ्यासकांची समज बराच काळ धूसर होती. अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनी याने १८६२ मध्ये अथर्ववेदाचं प्रातिशाख्य इंग्रजी अनुवादासह छापलं. अशा ग्रंथांतून ही जुनी मांडणी पाश्चात्त्यांच्या टेबलावर पोचली.

पाणिनीची एक गंमत इथे सांगायलाच हवी. संस्कृतातला ऱ्हस्व 'अ' उच्चारात संवृत, म्हणजे तोंड कमी उघडून होणारा, आणि 'आ' विवृत. म्हणजे 'अ' हा 'आ'चा सवर्ण, म्हणजे त्याच गटातला स्वर, ठरत नाही, आणि संधीचे नियम अडतात. मग पाणिनीने अख्ख्या अष्टाध्यायीत 'अ' विवृतच धरला, आणि सगळं व्याकरण सांगून झाल्यावर शेवटच्या सूत्रात तो परत संवृत करून टाकला. सूत्र दोनच अक्षरांचं: 'अ अ'. भाषेच्या व्यवस्थेत एक ध्वनी, तोंडात दुसरा. स्वनिमविज्ञान (व्यवस्थेतल्या ध्वनींचं) आणि स्वनविज्ञान (तोंडातल्या उच्चारांचं) हे दोन विषय वेगळे का, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे सूत्र दाखवावं.

म्हणून 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' असं म्हणण्याचा मोह पुण्यात फार होतो. ते अर्धंच खरं आहे. ध्वनी कुठे आणि कसा निर्माण होतो, हे आपल्याकडे उत्तम सांगितलं गेलं. पण एखाद्या बोलल्या जाणाऱ्या भाषेतले कोणते फरक अर्थ बदलतात आणि कोणते नुसतेच होतात, हा प्रश्न सिद्धान्त म्हणून उभा राहिला तो रशियातल्या कझानमध्ये भाषाशास्त्रज्ञ बोदुएँ द कूर्तने यांच्याकडे आणि नंतर प्राग मंडळ या भाषाशास्त्रज्ञांच्या गटात. या मंडळातल्या त्रुबेत्स्कॉय यांचा त्यावरचा मुख्य ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३९ साली, प्रसिद्ध झाला.

योगायोगाने त्याच वर्षी, १७ ऑगस्टला, येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेज पुन्हा उघडलं. या संस्थेचं मूळ १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा पैसा तिच्यासाठी वळवलेला होता. १८६४ पासून 'डेक्कन कॉलेज' हे नाव, १८६८ पासून आजची दगडी इमारत. रा. गो. भांडारकर इथेच शिकवायचे. त्यांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेल्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतापासून प्राकृतांमार्गे आजच्या भाषांपर्यंतचा प्रवास मांडला. मात्र तो अभ्यास ग्रंथांतल्या भाषेचा, ऐतिहासिक वळणाचा. सरकारने १९३४ मध्ये कॉलेज बंद केलं आणि पाच वर्षांनी ते उघडलं ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. भाषाविज्ञान पहिल्यापासून तिथे होतं, आणि भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांनी ते वाढवलं.

खरा बदल १९५४ नंतरचा. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने इथे उन्हाळी-हिवाळी वर्ग सुरू झाले, अमेरिकन प्राध्यापक आले आणि त्यांच्यासोबत एक सवय आली. पोथी मिटायची, माणसाला समोर बसवायचं, तो बोलेल ते ध्वनिलिपीत उतरवायचं आणि मग 'जग'-'जग'सारख्या जोड्या शोधायच्या. संस्कृताचे जाणकार विद्यार्थी चाळीस वर्षांच्या शेतकऱ्यासमोर वही घेऊन बसले, की लिहिलेल्या मराठीचं ओझं आपोआप उतरत असणार. लाहोरला १९२८ मध्ये निघालेली 'लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया'सुद्धा पुढे याच आवारात आली. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या स्वनिम आणि रूपव्यवस्थेवर (शब्दांची रूपं कशी घडतात यावर) प्रबंध लिहिला आणि पुढे ते डेक्कन कॉलेजात शिकवायला आले. त्याच पिढीतले भाषाशास्त्रज्ञ ना. गो. कालेलकर पॅरिसमध्ये शिकलेले, म्हणून त्यांच्यामागे फ्रेंच वळण. आज पुण्यातला विद्यार्थी जी परिभाषा वापरतो, स्वन (नुसता ध्वनी), स्वनिम, स्वनांतर (अर्थ न बदलणारं एकाच स्वनिमाचं वेगळं रूप), ती या पिढीच्या लेखनातूनच रुळली.

पुन्हा 'च' आणि 'ज'कडे. त्यांचा इतिहास अभ्यासक्रमात दोन तासांत उरकतात, याचं मला वाईट वाटतं. जुन्या तद्भव, म्हणजे संस्कृतातून बदलत आलेल्या, शब्दांत नियम साधा होता: पुढे इ, ए किंवा य असेल तर तालव्य (टाळूवरचा), नाहीतर दंततालव्य (दातांमागचा). चिमणी, चेंडू एकीकडे; चाक, चोर, चुना दुसरीकडे. नियम अजून जिवंत आहे. 'चमचा' म्हणताना दोन्ही 'च' दातांमागचे, पण 'चमचे' म्हटलं की शेवटचा टाळूवर सरकतो. 'माझा' आणि 'माझी' म्हणून पाहा, तेच होईल. एवढंच असतं तर ही दोन स्वनांतरं ठरली असती. पण संस्कृतातून 'चंद्र', 'चरण' आपला तालव्य उच्चार घेऊन आले. 'चार' या आकड्यात पूर्वी 'य' होता, जुन्या कागदांत 'च्यार' लिहिलेलं सापडतं. 'य' गळाला, उच्चार मागे उरला. अशा तऱ्हेने शेजारच्या ध्वनीवर अवलंबून असलेला फरक स्वतंत्र झाला आणि एका स्वनिमाचे दोन झाले.

लिपीने मात्र याची दखल घेतली नाही. भाषाशास्त्रज्ञ खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, देऊन 'च़', 'ज़' लिहितात, पण तो त्यांच्या वह्यांपुरता. २००९ च्या शासननिर्णयाने 'बँक' आणि 'डॉक्टर' यांच्यामागोमाग आलेल्या ॲ आणि ऑ या स्वरांना मराठी वर्णमालेत जागा दिली. 'चमचा'तला 'च' त्याआधी कित्येक शतकं मराठीत आहे, आणि तो अजून वर्णमालेच्या बाहेरच उभा आहे.