एसीचा कॉम्प्रेसर घरी बदलताय? जुना का गेला ते आधी पाहा

मार्च सरला की परभणी, जालना, बीडकडच्या गॅरेजांत एकच तक्रार घेऊन गाड्या यायला लागतात. "कूलिंग करत नाही, गॅस मारून द्या." गॅस मारला जातो, काही दिवस गाडी गार राहते, आणि ऐन मे महिन्यात बॉनेटखालून घरघर सुरू होऊन कॉम्प्रेसर जाम होतो. नव्या कॉम्प्रेसरचा आणि मजुरीचा आकडा ऐकला की हाताला पाना धरायची सवय असलेला माणूस म्हणतो, चार बोल्टांचं तर काम आहे, घरीच करू. करता येतं. पण बोल्ट काढणं-बसवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. ज्या कारणाने पहिला कॉम्प्रेसर गेला ते गाडीत तसंच राहिलं, तर दुसराही त्याच वाटेने जातो.

दर उन्हाळ्यात गॅस मारावाच लागतो, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. पण एका वर्षात संपला म्हणजे कुठेतरी गळती आहेच. आणि गॅस कमी झाला की कॉम्प्रेसरचं वंगणही तुटतं. बहुतेक कार-कॉम्प्रेसरना इंजिनासारखा तेलाचा वेगळा साठा नसतो. तेल गॅसबरोबर नळ्यांतून फिरतं आणि गॅसच ते परत आणून पोचवतो. गॅस रोडावला की तेल डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पडून राहतं आणि आतली तिरकी तबकडी व पिस्टन कोरडे घासायला लागतात. अशा वेळी कॉम्प्रेसर बंद ठेवायला एक प्रेशर स्विच असतो. तो 'डायरेक्ट' करून, म्हणजे मधून काढून तारा थेट जोडून, कूलिंग चालू करून देणारेही भेटतात. असं कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. कॉम्प्रेसर जाळण्याचा याहून सोपा उपाय नाही.

दुसरं कारण आपल्या भागातल्या धुळीत आहे. एसीतला आर-१३४ए हा वायू उघड्या हवेत उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. कूलिंग कॉइलमध्ये त्याला शून्याच्या जरा वर उकळू दिलं जातं. तिथे दाब ३० पीएसआयच्या आसपास असतो, कारच्या टायरात भरतो साधारण तेवढाच. उकळताना तो गाडीतली उष्णता ओढून घेतो. ही उष्णता बाहेर टाकायची जागा म्हणजे रेडिएटरच्या पुढची जाळी, कंडेन्सर. बाहेर ४२ अंश असताना उष्णता बाहेर जायची तर कंडेन्सर त्याहून बराच तापलेला हवा, धरा ६० अंश. ६० अंशांना या वायूचा द्रव व्हायला सुमारे २३० पीएसआय दाब लागतो. कॉम्प्रेसरचं काम एवढंच, ३० वरून २३० वर नेणं. आता त्या जाळीत जिनिंगजवळचा कापूस, उसाचं पाचट आणि काळ्या मातीची धूळ बसली, वारा अडला आणि कंडेन्सर ७५ अंशांवर गेला, तर तोच दाब सव्वातीनशेच्या पुढे चढतो. लोड वाढतो, तेल तापून पातळ होतं, सील सुटतात. म्हणून नवा कॉम्प्रेसर मागवण्याआधी पाण्याच्या हलक्या धारेने कंडेन्सर धुऊन घ्या. जोरदार प्रेशरने मारू नका, जाळीच्या पातळ पात्या वाकतात.

कॉम्प्रेसर खरंच गेलाय का, हेही पाहायला हवं. पुली बेल्टवर सतत फिरत असते. एसी चालू केला की विद्युतचुंबकीय क्लच पुढची तबकडी पुलीला चिकटवतो आणि तेव्हाच आतले पिस्टन हलतात. १९४० च्या अमेरिकन पॅकार्ड गाड्यांमधल्या एसीला हा क्लचच नव्हता, एसी बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून बेल्ट काढावा लागे. आज कित्येकदा दोष फक्त या क्लचमध्ये किंवा पुलीच्या बेअरिंगमध्ये असतो. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर बेअरिंग पाहा. क्लच ओढतच नसेल तर फ्यूज, रिले, मग क्लचची कॉइल तपासा. क्लचच्या कॉइलचा रोध साधारण ३ ते ५ ओहम येतो. मल्टिमीटरने तार तुटल्याचं लगेच कळतं. हे भाग बहुधा गॅस न काढता बदलता येतात. काही नव्या गाड्यांत मात्र क्लच नसतो, आतल्या तबकडीचा कोन बदलून काम कमी-जास्त होतं. तिथे ही परीक्षा चालत नाही.

गॅस घरी सोडून द्यायचा नाही. द्रवरूपात अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यांत गेला तर नजर जाऊ शकते. दुसरी बाब हवामानाची. आर-१२ या जुन्या वायूतला क्लोरीन ओझोनचा थर खातो, हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हटला आणि १३४ए आला. याच्यात क्लोरीन नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशेपट उष्णता अडवतो. लहान गाडीतला ४०० ग्रॅम वायू हवेत सोडणं म्हणजे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे. गॅस परत ओढून घेणारं मशीन असलेल्या गॅरेजमध्ये आधी गाडी न्या, रिकामी करून घ्या, मग घरी आणा.

आता पाना. बॅटरीची ऋण तार काढा, बेल्ट ढिला करा, वायर काढा, दोन्ही पाइप सोडा. पाइप सुटताक्षणी त्यांची तोंडं आणि कॉम्प्रेसरची भोकं स्वच्छ प्लास्टिकने बांधून टाका. कॉम्प्रेसरमधलं पीएजी तेल हवेतलं पाणी झपाट्याने शोषतं. आपल्याकडच्या मे महिन्यातली कोरडी हवा त्यातल्या त्यात बरी. जुलैत एका घनमीटर हवेत २० ग्रॅमहून जास्त पाणी असू शकतं, तेव्हा हे काम उघड्यावर करूच नये.

जुना कॉम्प्रेसर हातात आला की तो उलटा धरून आतलं तेल मोजपात्रात पूर्ण निथळू द्या. थोडं तेल पांढऱ्या कापडावर पसरा आणि उन्हात न्या. स्वच्छ पिवळसर दिसलं तर निश्चिंत व्हा. काळं असेल आणि कापड हलवताना चंदेरी कण चमकत असतील, तर आतली धातू झिजून सगळ्या नळ्यांत पसरली आहे. आजच्या कंडेन्सरमधल्या वाटा इतक्या बारीक असतात की हे कण धुऊन निघत नाहीत. कंडेन्सर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये वायू सोडणारी बारीक झडप) बदलावाच लागतो. इथे पैसे वाचवले की नव्या कॉम्प्रेसरमध्ये तेच कण पहिल्याच फेरीत शिरतात.

निथळलेलं तेल मोजायचं कारण वेगळं आहे. समजा ४० मिलिलिटर निघालं. उरलेलं तेल कॉइलमध्ये आणि नळ्यांत आहे. नवा कॉम्प्रेसर पुष्कळदा पूर्ण यंत्रणेचं तेल घेऊनच येतो. तसाच बसवला तर तेल जास्त होऊन कॉइलच्या आतून त्याचा थर बसतो आणि कूलिंग कमी होतं. म्हणून नव्यातलंही काढा आणि जुन्यातून जितकं निघालं तितकंच, त्याच ग्रेडचं ताजं तेल घाला. मग क्लचची पुढची तबकडी हाताने दहा-बारा वेळा फिरवा. पिस्टनपुढे साचलेलं तेल दाबलं जात नाही, आणि ते न काढता सुरू केलं तर आतल्या पातळ झडपा तुटतात. पाइपजोडांतल्या रबरी ओ-रिंग नव्या, तेलाचा थेंब लावून. ओलावा शोषणारा ड्रायरही नवाच. बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कनेच आवळा, कारण ॲल्युमिनियममधले आटे चटकन सुटतात.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढणं. नळ्यांत राहिलेलं पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठून वाट अडवतं आणि तेलाबरोबर आम्ल तयार करतं. ते पुसून काढता येत नाही, उकळूनच काढावं लागतं. दाब उतरवला की पाण्याचा उत्कलनबिंदू उतरतो. पाऱ्याच्या ५५ मिलिमीटर दाबाला पाणी ४० अंशांतच उकळतं. थंडीत परभणीच्या १० अंशांच्या सकाळी हेच पाणी उकळवायला दाब ९ मिलिमीटरपर्यंत उतरवावा लागेल. म्हणजे ज्या उन्हाने आपण हैराण होतो तेच इथे मदतीला येतं. पंप निदान अर्धा-पाऊण तास चालवा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे किती पोकळी झाली हे पाऱ्याच्या इंचांत दाखवणाऱ्या गेजचा काटा पुस्तकातल्या ३० इंचांजवळ न जाता २८ इंचांच्या आसपास थांबतो. पंपात दोष नसतो, बाहेरच्या हवेचाच दाब तेवढा कमी आहे. मग झडप बंद करून अर्धा तास काट्याकडे लक्ष ठेवा. काटा थोडा हलून थांबला तर आत अजून पाणी आहे. हलतच राहिला तर गळती आहे.

गॅस भरताना गेजवर विसंबू नका. इंजिन बंद असताना ४० अंशांना नळ्यांतला दाब सुमारे १३० पीएसआय दिसतो, आत २०० ग्रॅम असो की ४००. थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. म्हणून बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर तोलूनच भरायचे. लेबलवर १२३४वायएफ हा नवा वायू असेल तर तोच वायू हवा. वजनकाटा आणि पंप नसेल तर व्हॅक्यूम आणि गॅस गॅरेजमधून करून घ्या. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टांवर चालतो आणि त्याचं तेलही वेगळं असतं, त्याला घरी हातच लावू नये.

सगळं जमल्यावर भर दुपारी, गाडी उभी ठेवून, एसी पूर्ण चालू करून एक तपासणी कराच. हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणाऱ्या बाजूचा दाब पाहा आणि कंडेन्सरवर बादलीभर पाणी हळूहळू ओता. दाब झपाट्याने उतरला आणि लगेच गाडीत गार वारा यायला लागला, तर पंख्याची मोटर मंद आहे किंवा कंडेन्सरची जाळी अजून तुंबलेली आहे, आणि नव्या कॉम्प्रेसरवर जुन्यासारखाच लोड येतो आहे.