नेपाळमधील वृत्तपत्रे आणि प्रसारण

नेपाळमध्ये वृत्तपत्र सत्ताधाऱ्यांनी आणले, तर रेडिओ बंडखोरांनी. पिढीजात पंतप्रधानपद असलेल्या राणा घराण्यातील पंतप्रधान देव शमशेर यांच्या पुढाकाराने 1901 मध्ये ‘गोरखापत्र’ हे साप्ताहिक निघाले. 1961 मध्ये त्याचे दैनिक झाले आणि आजही ते सरकारी मालकीचेच आहे. रेडिओचा आवाज मात्र राणाशाहीविरुद्धच्या क्रांतीत विराटनगरहून उठला. राणांची सत्ता संपताच, एप्रिल 1951 मध्ये, ‘रेडिओ नेपाळ’ काठमांडूहून सुरू झाला. पुढे राजाच्या हाती सत्ता असलेल्या, पक्षविरहित ‘पंचायत’ राजवटीत सरकारी माध्यमांचाच वरचष्मा राहिला. ‘नेपाळ टेलिव्हिजन’ 1985 मध्ये आले, तेही सरकारीच.

1990 च्या लोकशाहीसाठीच्या जनआंदोलनानंतर नव्या संविधानाने मुद्रणस्वातंत्र्य मान्य केले. 1993 मध्ये ‘कांतिपूर’ आणि इंग्रजी ‘काठमांडू पोस्ट’ ही खासगी दैनिके निघाली.

तरीही नेपाळचे खरे माध्यम रेडिओच. डोंगरदऱ्यांतल्या गावी छापील अंक पोचेपर्यंत बातमी शिळी होते, आणि वाचता न येणाऱ्याला तर तो अंक निरुपयोगीच. काही वर्षांच्या पाठपुराव्यानंतर पर्यावरण पत्रकारांच्या संघटनेला परवाना मिळाला आणि 1997 मध्ये काठमांडू खोऱ्यात ‘रेडिओ सगरमाथा’ सुरू झाला. दक्षिण आशियातले हे पहिले स्वतंत्र सामुदायिक केंद्र मानले जाते. पाल्पा जिल्ह्यात मदनपोखरा गावाने स्वतःचे केंद्र चालवून दाखवले. नेपाळीसोबत मैथिली, थारू, तमाङ, नेपाळभाषा (नेवारी) अशा भाषांतून बातम्या घरात आल्या. भारतात सामुदायिक केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, हे लक्षात घेतले की या कामगिरीचे मोल कळते.

1 फेब्रुवारी 2005 रोजी राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतली तेव्हा सैनिक वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत येऊन बसले. एफएम केंद्रांना बातम्या बंद, फक्त मनोरंजन चालू. काही केंद्रांनी मग बातम्याच गाऊन ऐकवल्या. त्या वर्षी ‘कांतिपूर एफएम’ आणि ‘रेडिओ सगरमाथा’ यांची यंत्रसामग्री जप्त झाली, आणि केंद्रे सर्वोच्च न्यायालयात गेली. 2006 च्या राजाविरुद्धच्या आंदोलनामागे या केंद्रांचे बळ मोठे होते.

पत्रकारितेची किंमत जिल्ह्यांतल्या बातमीदारांनी चुकवली. दैलेखचे देकेंद्र थापा यांची 2004 मध्ये माओवाद्यांनी हत्या केली. जनकपूरच्या रेडिओ पत्रकार उमा सिंह 2009 मध्ये मारल्या गेल्या. काठमांडूबाहेर पत्रकाराला कायद्याचे संरक्षण कागदावरच राहते, आणि ही उणीव अजून भरलेली नाही.

2015 च्या संविधानाने प्रकाशनपूर्व नियंत्रणाला मनाई केली आहे. तरी सप्टेंबर 2025 मध्ये, नोंदणी केली नाही म्हणून, सरकारने फेसबुक, यूट्यूबसह 26 समाजमाध्यमे बंद केली. भ्रष्टाचारावर आधीच चिडलेले तरुण 8 सप्टेंबरला रस्त्यावर उतरले. गोळीबारात त्या दिवशी 19 जण मरण पावले आणि बंदी मागे घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी जमावाने काठमांडूतली ‘कांतिपूर’ समूहाची इमारतही पेटवून दिली.