पात्र कोण? मदतीच्या चाळणीची चारशे वर्षं

इंग्लंडमध्ये १६९७ साली एक कायदा झाला. गावच्या निधीतून मदत घेणाऱ्याने अंगरख्याच्या उजव्या बाहीवर, खांद्याशी, चारचौघांना दिसेल असं लाल किंवा निळ्या कापडाचं 'पी' हे अक्षर शिवून घ्यायचं. 'पी' म्हणजे पॉपर, कंगाल. त्याच्या जोडीला आपल्या पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाचं, पहिलं अक्षर. एका घरात राहणाऱ्या बायकोमुलांनाही त्यातून सूट नव्हती. अक्षर लावायला नकार दिला तर मदत तरी बंद, नाहीतर तुरुंग तरी. हा कायदा रद्द व्हायला १८१० साल उजाडलं.

२०१७ साली राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात सरकारी धान्य घेणाऱ्यांच्या घरांच्या भिंतींवर 'आम्ही गरीब आहोत, रेशन घेतो' अशा अर्थाची वाक्यं रंगवलेली दिसली. मध्ये ३२० वर्षं गेली होती. बाहीवरचं अक्षर भिंतीवर आलं, एवढाच फरक.

कल्याणकारी योजनांवर वाद सुरू झाला की तो पैशाभोवती फिरतो. किती द्यायचे, कुठून आणायचे, तिजोरीला झेपेल का. हे प्रश्न खरेच आहेत. पण मागचा इतिहास चाळताना सारखं जाणवतं की दिलेली रक्कम लोक विसरून जातात आणि ती मिळवताना लागलेली चाळणी तीन पिढ्या लक्षात ठेवतात. कोण पात्र, कोण अपात्र, हे ठरवायची जी पद्धत असते, ती घराघरांतले आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांतले संबंध घडवते. बिघडवते म्हणणं जास्त खरं.

या चाळणीचा कायदेशीर जन्म १६०१ सालच्या इंग्लंडमधला. राणी एलिझाबेथ पहिलीच्या काळातल्या गरीब कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपापल्या गरिबांची जबाबदारी टाकली, त्यासाठी कर बसवला आणि तो गोळा करून वाटायला स्थानिक देखरेखे नेमले. म्हातारे, पांगळे, आंधळे यांना मदत. धडधाकट माणसाला काम. काम टाळणाऱ्याला शिक्षा. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. आणि खरं सांगायचं तर, उपाशी माणसाची जबाबदारी कायद्याने कुणावर तरी टाकणं ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

पण जबाबदारी गावाची झाली की 'हा आपल्या गावचा आहे का' हा प्रश्न लगेच उभा राहतो. १६६२ सालच्या वास्तव्य कायद्याने त्याचं उत्तर दिलं. नव्याने आलेला माणूस पुढेमागे निधीवर भार होईल असं वाटलं, तर ४० दिवसांच्या आत त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवता येई. मग गावं गरिबांना एकमेकांच्या हद्दीत ढकलू लागली. सगळ्यांत वाईट हाल अविवाहित गरोदर बायकांचे झाले. मूल जिथे जन्मेल तिथला त्याचा हक्क, म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला हद्दीपलीकडे नेऊन सोडण्याचे प्रकार घडले. हे करणारे राक्षस नव्हते. कर भरणारे साधे गावकरी होते, आणि नियमाने त्यांना तसं वागण्यात फायदा दाखवला होता.

१७९५ साली धान्य महागलं. बर्कशायरमधल्या स्पीनहॅमलंड इथल्या पेलिकन नावाच्या खानावळीत ६ मे रोजी न्यायाधीशांची बैठक भरली. पावाचा भाव आणि घरातली खाणारी तोंडं पाहून, मजुरी कमी पडेल तिथे निधीतून भर घालायची, असा तोडगा निघाला. दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच भागांत तसलीच पद्धत चालू झाली. पुढे हाच तोडगा आळशीपणा वाढवतो, मालकांना मजुरी कमी ठेवायला मोकळीक देतो आणि गरिबांची पोरं वाढवतो, असे आरोप झाले. नासाऊ सीनियर आणि एडविन चॅडविक यांच्या हातून उतरलेल्या, गरीब कायदा तपासणाऱ्या १८३४ सालच्या सरकारी आयोगाच्या अहवालात हे आरोप जणू सिद्ध झाल्यासारखे मांडले गेले. जवळजवळ सव्वाशे वर्षांनी, १९६३ साली, मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने तीच माहिती पुन्हा तपासली आणि दाखवून दिलं की आयोगाचे निष्कर्ष त्या माहितीतून निघतच नाहीत. तोवर त्या अहवालावर अर्धं जग आपली धोरणं बेतून मोकळं झालं होतं.

१८३४ च्या नव्या कायद्याचं मुख्य तत्त्व असं, की मदत घेणाऱ्याची अवस्था सगळ्यांत कमी मिळवणाऱ्या मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. म्हणजे खरोखर नाइलाज असलेलाच येईल. ही चाळणी म्हणजे वर्कहाउस, गरीबगृह. आत आलं की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. उत्तर इंग्लंडच्या गिरणी कामगारांनी या इमारतींना पॅरिसच्या कुप्रसिद्ध तुरुंगावरून 'बास्तिल' म्हणायला सुरुवात केली. १८४५ साली अँडोव्हरच्या गरीबगृहात खतासाठी हाडं कुटण्याचं काम करणारी माणसं भुकेपोटी त्याच हाडांतला मगज चोखून खात होती, हे उघड झालं. त्या गदारोळानंतर १८४७ साली गरीबगृहांवर देखरेख करणारा आयोग बरखास्त झाला. गरीबगृहं मात्र राहिली.

त्याच १८४७ साली ही चाळणी आयर्लंडच्या दुष्काळात पोचली. बटाट्याचं पीक सलग बुडालं होतं. खासदार विल्यम ग्रेगरी यांनी कायद्यात एक कलम घालून घेतलं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा आहे त्याने खैरात का घ्यावी, हे ऐकायला ठीक वाटतं. प्रत्यक्षात कुळापुढे दोनच वाटा राहिल्या, जमीन धरून उपाशी मरा किंवा जमीन सोडून सूप प्या. ज्यांनी सोडली ते दुष्काळ सरल्यावर परत शेतकरी झालेच नाहीत. जमीनदारांना कुळं काढायचीच होती. त्यांना आयता मार्ग मिळाला. एका ओळीच्या अटीने गावंच्या गावं रिकामी होण्याला हातभार लावला.

मग हिंदुस्थान. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटन यांनी रिचर्ड टेंपल यांना खर्चाला लगाम घालायला मद्रास आणि मुंबई इलाख्यांत पाठवलं. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा, हे 'टेंपल वेतन' ठरलं. शिवाय अंतराची अट: काम घरापासून लांब ठेवायचं, म्हणजे घर सोडून छावणीत राहायला जो तयार होईल तोच खरा गरजू. वर्कहाउसच्या भिंती नसल्या म्हणून काय झालं, त्यांचं काम मैलांनी केलं. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी एवढ्या धान्यावर खडी फोडणारं शरीर टिकणार नाही, असं सरकारला बजावलं. मुंबई इलाख्यात वेतन कापल्यावर लोक कामं सोडून उठून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या, आणि मदत हा काही अंशी तरी नियमाचा भाग झाला.

इथे काळाची एक उडी मारतो, कारण याच भूमीवर चाळणी उलटी करण्याचा एक प्रयोग झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरला रोजगार हमीची चाचणी झाली. १९७२ च्या दुष्काळात ती महाराष्ट्रभर पसरली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. 'मागेल त्याला काम'. इथेही अट श्रमाचीच होती. खडी तीच, ऊन तेच. पण दाखला नाही, यादी नाही, आणि काम शक्यतो घरापासून पाच किलोमीटरच्या आत. टेंपलच्या काळात अंतर हे माणसाला परतवायला होतं, इथे ते सरकारवर घातलेलं बंधन होतं. संध्याकाळी घरी येता येत असल्यामुळे बायका मोठ्या संख्येने कामावर आल्या. मजुरी उशिरा मिळणं, हजेरीपटावरची खोटी नावं, हे रोग या योजनेला होतेच. तरी माणसाने आपण गरीब असल्याचं सिद्ध करायचं नाही, फक्त यायचं, हा फरक लहान नाही. २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा याच वळणावर गेला.

युरोपात दुसरी वाट जर्मनीचे चॅन्सेलर बिस्मार्क यांनी काढली, तीही दयेपोटी नव्हे. समाजवाद्यांवर १८७८ साली बंदी घातल्यावर कामगारांना राज्याशी बांधून ठेवायचं होतं. १८८३ साली आजारपणाचा विमा, १८८४ साली अपघाताचा, १८८९ साली म्हातारपणाचा. वर्गणी भरलेली असल्याने हक्क आपोआप. कुणी घरात डोकावत नाही. अर्थात ज्याला पक्की नोकरीच नाही तो या घराच्या बाहेरच राहिला.

चाळणी घराच्या आत शिरली म्हणजे काय होतं, हे १९३१ नंतरच्या ब्रिटनने पाहिलं. मंदीत बेकारी भत्ता संपलेल्यांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची तपासणी सुरू झाली. तपासनीस घरी येई. कोणतं सामान विकता येईल तेही पाही. घरातल्या प्रत्येकाची कमाई धरली जाई. पोरीला कारखान्यात काम लागलं की बापाचा भत्ता कापला. ज्या घरात बापाच्या पगारावर सगळे जगत आले, तिथे बाप पोरीच्या पगारावर आला, तोही सरकारच्या हिशेबाने. पोरं घर सोडून दुसरीकडे भाड्याने राहू लागली, काही खरोखर, काही नुसती कागदावर. शेजाऱ्यांच्या निनावी चिठ्ठ्या कचेरीत पोचू लागल्या. ही कौटुंबिक तपासणी १९४१ साली रद्द झाली, पण ब्रिटिश मजूर चळवळीच्या जिभेवरची तिची कडवट चव पुढे कित्येक वर्षं गेली नाही. १९४२ च्या डिसेंबरात सगळ्यांसाठी सामाजिक विमा सुचवणारा बेव्हरिज यांचा अहवाल विकत घ्यायला लोकांनी रांगा का लावल्या, याचं निम्मं उत्तर इथे आहे. १९४८ साली जुना गरीब कायदा अखेर संपला.

अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार वगळले. दक्षिणेतल्या बहुसंख्य काळ्या कामगारांचं पोट याच दोन कामांवर होतं. हे ठरवून झालं की वसुलीच्या सोयीसाठी, यावर इतिहासकार अजून भांडतात. परिणामाबद्दल वाद नाही. एकट्या आयांसाठीच्या मदतीत तर बऱ्याच राज्यांनी 'घरात पुरुष नको' अशी अट घातली आणि ती तपासायला रात्री-अपरात्री छापे घातले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने अलाबामाचा असा नियम रद्द केला. तोवर किती बापांनी मदत तुटू नये म्हणून घर सोडलं असेल, त्याची मोजदाद कोण ठेवणार?

उत्तर युरोपने मात्र चाळणीच बाजूला ठेवून पाहिली. स्वीडनचे समाजमंत्री गुस्ताव्ह म्योल्लर यांना उत्पन्नाची तपासणी अपमानास्पद वाटे. १९४८ साली तिथे मुलांचा भत्ता सरसकट झाला, गिरणीमालकाच्या पोरालाही. फिनलंडची गोष्ट मला जास्त आवडते. तिथे १९३७ च्या कायद्याने गरीब मातांना बाळंतपणाची मदत सुरू झाली, त्यात बाळाच्या कपड्यांची पेटीही मिळू लागली. १९४९ साली ती सगळ्या मातांना खुली झाली. अट एकच: चौथा महिना संपायच्या आत तपासणीला या. पेटी गरिबाची राहिली नाही, त्यामुळे ती घेण्यात कमीपणाही उरला नाही, आणि गरोदर बाया वेळेवर डॉक्टरकडे जाऊ लागल्या. १९९८ साली वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे यांनी आकडे मांडून म्हटलं, की फक्त गरिबांना देणारे देश विषमता कमी करण्यात मागे पडतात, कारण मध्यमवर्गाला त्या योजनेत स्वतःचं काही दिसत नाही. नंतरच्या आकड्यांत हा संबंध तितका ठळक राहिला नाही, हेही सांगायला हवं.

पण तोपर्यंत वारं फिरलं होतं. अमेरिकेत १९९६ साली मदतीवर ६० महिन्यांची मर्यादा आली. भारतात १९९७ साली रेशन दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली असं वाटलं गेलं. तमिळनाडूने ते सरसकटच ठेवलं. मेक्सिकोत त्याच वर्षी प्रोग्रेसा ही योजना सुरू झाली: मुलं शाळेत आणि दवाखान्यात गेली तर पैसे आईच्या हातात. शाळेतली हजेरी वाढली, हे नीट मोजलेलं आहे. फारसं बोललं जात नाही ते निवडीबद्दल. प्रत्येक घराला प्रश्नावलीवरून गुण दिले जात. पण या खेड्यांत सगळ्यांची अवस्था सारखीच. एका घराला पैसे, शेजारच्याला नाही, याचं कारण कुणालाच कळेना. वगळलेले लोक गावच्या सामूहिक कामाला यायला नकार देऊ लागले: ज्यांना पैसे मिळतात त्यांनीच करावं. आणि त्याच खेड्यांत दुसरंही दिसलं. अपात्र घरांचाही खाण्यावरचा खर्च वाढला, कारण पैसे मिळालेल्यांनी नातेवाइकांना उसने दिले, हातावर ठेवले. सरकारने आखलेली रेघ नात्यांनी थोडीफार पुसली.

इंडोनेशियात ती पुसली गेली नाही. २००५ साली इंधनावरचं अनुदान कापून सुमारे १ कोटी ९० लाख घरांना रोख रक्कम घाईघाईने वाटली. याद्या चुकल्या. संतापलेले लोक गावच्या मुखियांच्या दारात जमले, ज्यांचा याद्यांवर फारसा हातही नव्हता. पुढच्या अभ्यासात दिसलं, की जिथे नावं जास्त चुकली तिथे गुन्हे वाढले आणि गावातल्या मंडळांमधला लोकांचा सहभाग घटला.

आता चाळणी यंत्राच्या, म्हणजे संगणकाच्या, हाती आहे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो पालकांना कर खात्याने फसवे ठरवलं. एखादी सही राहिली तरी वर्षभराचा भत्ता परत मागितला. दुहेरी नागरिकत्व हे संशयाचं एक कारण धरलं गेलं. घरं मोडली, कर्जं झाली, हजाराहून जास्त मुलं आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवली गेली. १६०१ चा देखरेख्या निदान गावातला होता, त्याच्या दारात जाऊन भांडता तरी येत होतं. इथे पालक दूरध्वनीवर विचारत राहिले आणि आपलं काय चुकलं हे कुणी सांगेना. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुट यांच्या सरकारने या प्रकरणावरून राजीनामा दिला. मार्चमध्ये निवडणूक झाली, रुट यांचाच पक्ष पहिला आला.