वॉर्साचा राजवाडा : लोकवर्गणीतून उभी राहिलेली वास्तू

वॉर्साच्या जुन्या शहराच्या तोंडाशीच लालसर रंगाचा राजवाडा लागतो. समोर दिसतं ते बहुतेक बांधकाम १९७१ ते १९८४ मधलं आहे, हे कळल्यावर काही प्रवाशांचा हिरमोड होतो. मला मात्र याच कारणामुळे तो युरोपातल्या कितीतरी राजवाड्यांहून मोठा वाटतो.

मूळ गढी वॉर्साभोवतालच्या माझोविया प्रांताच्या ड्यूकांची. पोलंडचा राजा झिगमुंट तिसरा वासा याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस क्राकोहून वॉर्साला मुक्काम हलवायला घेतला आणि गढीचा पंचकोनी राजवाडा केला. संसदही इथेच भरे. युरोपातली पहिली आधुनिक लिखित राज्यघटना मानली जाते ती ३ मे १७९१ रोजी याच वास्तूत मंजूर झाली. पोलिश माणसाचा जीव या वाड्यात अडकला आहे तो राजांपेक्षा त्या घटनेमुळे.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन माऱ्यात छप्पर पेटलं. मनोऱ्यावरचं घड्याळ ११ वाजून १५ मिनिटांनी बंद पडलं. वाड्याचे अभिरक्षक काझिमिएश ब्रोक्ल त्याच दिवशी मारले गेले. राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्वाव लोरेंत्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं, सामान बाहेर काढलं. पुढे जर्मनांनी सुरुंगांसाठी भिंतींना हजारो भोकं पाडली; तरी ही मंडळी कोरीव दगड, चौकटी, गिलाव्यावरच्या नक्षीचे तुकडे जमवतच राहिली. सापडले असते तर जिवाशीच गाठ होती. सप्टेंबर १९४४ मध्ये, जर्मनांविरुद्ध वॉर्साचा उठाव चालू असताना, वाडा उडवून दिला गेला. (त्या वेळी हजारो पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका-मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत होते.)

पुनर्बांधणीचा ठराव संसदेने १९४९ मध्येच केला होता, पण कम्युनिस्ट सरकारने वीसेक वर्षं चालढकल केली. अखेर जानेवारी १९७१ मध्ये निर्णय झाला. पैसा लोकवर्गणीतून आला; परदेशांत पांगलेल्या पोलिश लोकांनीही हात सैल सोडला. वाचवलेले तुकडे नव्या भिंतींत आपापल्या जागी बसवले गेले. घड्याळ १९७४ मध्ये, बरोबर सव्वाअकरालाच, पुन्हा सुरू केलं.

आत गेलात तर कॅनालेत्तो दालनात घाई करू नका. कॅनालेत्तो याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेली वॉर्साची दृश्यं तिथे आहेत. युद्धानंतर शहर उभारताना वास्तुविशारदांनी त्यांचाही आधार घेतला. शिवाय पोलिश कला-इतिहासकार कारोलिना लांत्सकोरोन्स्का यांनी १९९४ मध्ये देशाला दिलेल्या संग्रहातली रेम्ब्रांटची दोन चित्रं याच वाड्यात पाहायला मिळतात.