एमबीएचे इलेक्टिव्ह ‘स्वयम्’वरून घेताना: परवानगी, परीक्षा नोंदणी आणि क्रेडिट कोठे अडते

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला मार्केटिंग घेतलेल्या अनेक विद्यार्थ्यांना हवे ते इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, आपल्या महाविद्यालयात मिळत नाही, कारण पुरेशी विद्यार्थिसंख्या नसली किंवा शिकवायला प्राध्यापक नसला की कंझ्युमर बिहेवियर, सर्व्हिसेस मार्केटिंग यांसारखे विषय विद्यापीठाच्या यादीत असूनही संस्था ते सुरू करत नाही. अशा वेळी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर तोच विषय पूर्ण करून त्याचे क्रेडिट (श्रेयांक) पदवीत धरून घेण्याची सोय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय या मार्गाने घेता येतात. २०१६ च्या विनियमांत ही मर्यादा २० टक्के होती. तरीही प्रमाणपत्र हातात आहे आणि गुणपत्रिकेत क्रेडिट नाही, अशा अवस्थेतले विद्यार्थी प्रत्येक सत्रात भेटतात. त्यांचा अभ्यास कमी पडलेला नसतो. बहुतेकांचा अर्ज चुकलेला असतो.

सर्वांत जास्त अर्ज पूर्वपरवानगीच्या मुद्द्यावर फेटाळले जातात. विद्यार्थी आधी कोर्स पूर्ण करतो आणि मग प्रमाणपत्र घेऊन कार्यालयात जातो. वास्तविक क्रम नेमका उलटा आहे. सत्र सुरू होण्यापूर्वी कोणत्या इलेक्टिव्हच्या जागी कोणता कोर्स चालेल हे संस्थेने ठरवायचे असते, आणि ते ठरल्यावरच नोंदणी करायची असते. म्हणून विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज करावा. त्यात विद्यापीठाच्या इलेक्टिव्हचे नाव व विषयक्रमांक, ‘स्वयम्’वरील कोर्सचे नाव, तो चालवणारी संस्था, कालावधी आणि आठवडानिहाय अभ्यासक्रमाची प्रत जोडावी. मंजुरी सही-शिक्क्यासह लेखी घ्यावी. सरांनी तोंडी होकार दिला होता, हे वाक्य परीक्षा विभागात उपयोगी पडत नाही, आणि ते ऐकवणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहून फार वाईट वाटते.

कालावधी जुळवणे हा दुसरा नाजूक भाग आहे. एनपीटीईएलच्या (‘स्वयम्’वर कोर्स चालवणारा आयआयटींचा उपक्रम) कोर्समध्ये चार आठवड्यांना एक, आठ आठवड्यांना दोन आणि बारा आठवड्यांना तीन क्रेडिट धरतात. आपले इलेक्टिव्ह तीन क्रेडिटचे असताना आठ आठवड्यांचा कोर्स घेतला, तर उरलेले एक क्रेडिट कोठून आणायचे याचे उत्तर सहसा कोणाकडेच नसते. केवळ नावातील साम्यावरही विसंबू नये. मार्केटिंग मॅनेजमेंट या नावाचा कोर्स पहिल्या वर्षी सक्तीच्या विषयात शिकवलेल्या भागाचीच पुनरावृत्ती करणारा असेल, तर परवानगी देणारी संस्थेची समिती तो इलेक्टिव्ह म्हणून नाकारते, आणि तिचे म्हणणे योग्यच असते.

यानंतर तारखांचा गोंधळ येतो. ‘स्वयम्’वर कोर्सला प्रवेश घेणे आणि त्याच कोर्सच्या परीक्षेसाठी नोंदणी करणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, त्यांच्या अंतिम तारखाही वेगळ्या असतात. प्रवेश विनामूल्य असतो, त्यामुळे ‘आपले नाव लागले’ असे समजून विद्यार्थी निर्धास्त होतात. परीक्षेचा अर्ज मात्र शुल्क भरल्याशिवाय पूर्ण होत नाही. एनपीटीईएलसाठी हे शुल्क प्रत्येक कोर्समागे १,००० रुपये असून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ५०० रुपये आहे, मात्र सवलतीसाठी संबंधित प्रमाणपत्र अपलोड करावे लागते. पैसे खात्यातून वजा झाले एवढ्यावर न थांबता अर्जाची स्थिती उघडून पाहावी आणि पावती जपून ठेवावी. प्रत्यक्ष केंद्रावर होणाऱ्या या परीक्षेशिवाय मिळणारी कोणतीही नोंद क्रेडिटसाठी चालत नाही.

कोर्स साधारणपणे जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. महाराष्ट्रात एमबीएची प्रवेशप्रक्रिया लांबत जाते आणि त्यामागून विद्यापीठाचे वेळापत्रकही सरकते. परिणामी महाविद्यालयाचे तिसरे सत्र सुरू होऊन इलेक्टिव्हची यादी फलकावर लागेपर्यंत जुलैच्या कोर्सचा प्रवेश बंद झालेला असू शकतो. या विलंबाची किंमत विद्यार्थ्याने का मोजावी, हा प्रश्न रास्त आहे. तो सुटेपर्यंत दुसऱ्या सत्राच्या परीक्षा संपताच विभागाकडे परवानगीचा अर्ज देणे हाच व्यवहार्य उपाय आहे. चौथ्या सत्रासाठी जानेवारीचा कोर्स निवडताना विशेष जपावे, कारण परीक्षेनंतर निकालाला काही आठवडे लागतात आणि तेवढ्यात विद्यापीठाने गुण मागवले तर पदवी अडकून राहते.

उत्तीर्ण होण्याचा निकषही अर्धवट वाचला जातो. एनपीटीईएलमध्ये साप्ताहिक असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात. असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, अशा दोन्ही अटी स्वतंत्रपणे पूर्ण व्हाव्या लागतात. परीक्षेत ६० गुण मिळवूनही असाइनमेंटमध्ये ८ असतील, तर प्रमाणपत्र मिळत नाही. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, त्यामुळे इंटर्नशिपच्या धावपळीत एखादी चुकली तर घाबरण्याचे कारण नाही. मॅनेजमेंटच्या ज्या कोर्सचे समन्वयन आयआयएम बंगळूर करते, त्यांची गुणविभागणी निराळी असते. ती कोर्सच्या पानावर स्वतंत्रपणे पाहावी.

कागदपत्रांत सर्वाधिक त्रास नावाचा होतो. आधारवर वडिलांचे नाव मध्ये, विद्यापीठाच्या नोंदीत आडनाव आधी, आणि ‘स्वयम्’वर ईमेलमधले अर्धे नाव, असे तीन प्रकार झाले की क्रेडिटची नोंद जुळत नाही. परीक्षेच्या अर्जात लिहिलेले नावच प्रमाणपत्रावर छापले जाते, म्हणून ते विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणे अक्षरशः तसेच भरावे. आधारवरील नाव वेगळे असल्यास दुरुस्ती आधी करून घ्यावी. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (एबीसी), म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा होणारे, खाते डिजिलॉकरवरून उघडता येते, आणि त्याचा बारा अंकी क्रमांक महाविद्यालय व ‘स्वयम्’ या दोन्ही ठिकाणी एकच असला पाहिजे. या खात्यात जमा झालेले क्रेडिट कमाल सात वर्षे ग्राह्य राहते. आपले महाविद्यालय एनपीटीईएलचे लोकल चॅप्टर (त्याच्याशी जोडलेले स्थानिक केंद्र) असेल, तर प्रोफाइलमध्ये त्याचीच निवड करावी, म्हणजे तेथील समन्वयकाला आपली नोंदणी दिसते.

निकालानंतर प्रमाणपत्राची प्रत, पूर्वपरवानगीचे पत्र, एबीसी क्रमांक आणि चालू सत्राची शुल्कपावती जोडून परीक्षा विभागाकडे अर्ज करावा व पोच घ्यावी. पूर्वपरवानगी असूनही ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते लेखी मागावे. ‘स्वयम्’वर मिळवलेल्या क्रेडिटचे हस्तांतरण विद्यापीठाने नाकारू नये, असे आयोगाच्या विनियमांतच म्हटले आहे, त्याचा उल्लेख करून प्राचार्यांमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाच्या संचालकांकडे निवेदन द्यावे आणि त्यासोबत मूळ मंजुरीपत्राची केवळ प्रत जोडावी, मूळ पत्र स्वतःजवळ ठेवावे.