‘प्रगती चांगली’ म्हणजे नेमकी किती?

‘नाणी ओळखतो, प्रगती चांगली.’ विशेष मुलाच्या वहीतल्या अशा शेऱ्याने पालक सुखावतात, पण सोमवारी पुढे काय शिकवायचं ते त्यावरून ठरत नाही.

उद्दिष्ट असं लिहावं, की दोघांनी पाहिलं तरी खूण सारखीच पडेल: ‘समोरच्या चार नाण्यांतून, “दहाचं दे” म्हटल्यावर ५ सेकंदांत दहाचं नाणं हातात देईल.’ शिकवायला घेण्याआधी किमान ३ वेगवेगळ्या दिवशी, काहीही मदत न करता, हे तपासून ठेवायचं.

मग रोज १० संधी. प्रत्येकीपुढे तिथल्या तिथे नोंद: ‘स्व’ म्हणजे स्वतःहून, ‘श’ शब्दाने सुचवून, ‘खू’ खुणेने, ‘हा’ हात धरून, चुकलं तर फुली. पहिल्या आठवड्यात १० पैकी ८ आणि तिसऱ्यातही ८, म्हणून मूल अडकलंय असं वाटतं. पण आधीच्या ८ मधली ६ खुणेने आणि आताची ७ स्वतःहून असतील, तर त्या मुलाने केवढी मजल मारलीय! संध्याकाळी आठवून भरलेल्या तक्त्यात नेमकं हेच हरवतं.

नाण्यांतच एक मेख आहे. १, २, ५ आणि १० ची नाणी ठेवली, तर दुरंगी एकच असतं, दहाचं. मूल ‘दोन रंगांचं उचलायचं’ एवढंच शिकतं आणि आकडे मात्र छान दिसतात. विसाचं नाणंही दुरंगी, रुंदीही तीच, २७ मिलिमीटर. फरक इतकाच, की दहाची कड पिवळी आणि मध्य पांढरा. विसाचं उलटं, शिवाय कडेला बारा कोन. ते ट्रेमध्ये आलं की खरं काय ते कळतं. नाण्यांच्या जागा दर वेळी बदलाव्यात. आपली नजर बरोबर नाण्यावर खिळत नाही ना, तेही बघावं. मुलं ती लगेच हेरतात.

दर पाचव्या सत्रात दुसऱ्या शिक्षिकेने स्वतंत्र नोंद करावी. १० पैकी ८ पेक्षा कमी नोंदी जुळल्या, तर मुलाबद्दल काहीच ठरवू नये. आधी उद्दिष्टाचं वाक्य दुरुस्त करावं.

आलेखावर फक्त ‘स्व’ मांडावेत, पद्धत बदलली त्या दिवशी उभी रेघ ओढावी. पावसाने लोकल बंद पडून मूल आलं नाही, तर शून्य लिहू नये, जागा रिकामी सोडावी. वडापावच्या गाडीवर घेतलेली नोंद वेगळ्या रंगात: वर्गात १० पैकी ९ आणि गाडीवर ५ पैकी १ येत असेल, तर पुढचे धडे गाडीवरच घ्यायला हवेत.